एक खोली वाढवताना

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, ही म्हण आपणा सर्वांच्या परिचयाची आहे. ज्याने ती प्रथम उच्चारली त्याने घर बांधण्याचा तेवढा विचार केला होता. बांधलेले घर वाढवण्याचा प्रसंग त्याच्यावर आला नसावा. आला असता तर म्हणीत आणखी एखादा चरण नक्की पडला असता. नवे घर बांधताना मनुष्य भीत भीत बांधतो. चार जाणत्यांना विचारतो, नकाशा काढवून घेतो, कर्जाचा हिशेब दहा वेळा मांडतो. तेच घर वाढवताना त्याची भीड चेपलेली असते. घर आपले, गच्ची आपली, विटा आपल्या पैशाच्या. मग वर एक खोली चढवायला कोणाला काय विचारावयाचे? हा प्रश्न मी स्वतः विचारलेला आहे, आणि त्याचे उत्तर मला फार उशिरा मिळाले. आज त्याविषयी चार शब्द बोलावयाचे आहेत.

आमचे घर इंदूरच्या पश्चिमेकडील एका वसाहतीत आहे. भूखंड तीस फूट रुंद, पन्नास फूट लांब. वडिलांनी १९७२ साली ते बांधले तेव्हा रीतसर नकाशा मंजूर करून घेतला होता. निळ्या कागदावर पांढऱ्या रेघांचा तो नकाशा, मंजुरीचे पत्र आणि घर पुरे झाल्यावर मिळालेला दाखला, असे तीन कागद त्यांनी पत्र्याच्या एका नळीत घालून ट्रंकेत ठेवले होते. दर दिवाळीच्या साफसफाईत ती नळी बाहेर निघे, कागदांना ऊन दाखवले जाई, आणि ती पुन्हा आत जाई. आम्हा मुलांना ह्या सोहळ्याची गंमत वाटे. दागिन्यांच्या डब्याला नसेल एवढा मान त्या नळीला होता.

१९९४ साली धाकट्या भावाचे लग्न ठरले आणि घरात एक खोली कमी आहे हे सर्वांच्या एकदम लक्षात आले. वडील तेव्हा थकले होते. कारभार माझ्याकडे आला होता. ओळखीच्या मिस्त्रीला बोलावले आणि भीत भीत विचारले, की नकाशा काढावा लागेल काय? तो मनमोकळे हसला. म्हणाला, "भाईसाब, एक कमरे का क्या नक्शा!" मला तेच ऐकावयाचे होते. वडील मात्र खाटेवरून म्हणाले, "अरे, नळीतला नकाशा एका मजल्याचा आहे, आणि पायाही मी एकाच मजल्याचा भरला आहे."

मी म्हणालो, "अण्णा, सगळेच वर खोल्या चढवतात."

"सगळे चढवतात हे मी पाहतो आहे," ते म्हणाले, "त्यांचा पाया किती आहे ते तू पाहिलेस काय?"

मी पाहिला नव्हता. आमचा स्वतःचाही पाहिला नव्हता. दोन महिन्यांत खोली उभी राहिली. जिना घरात होता तो बैठकीची जागा अडवीत होता, म्हणून तो काढून बाहेरच्या बाजूला, शेजाऱ्याच्या कुंपणालगत जी मोकळी जागा सोडलेली होती तिथे नेला. लग्न झाले, वहिनी घरात आल्या, सर्वांनी खोलीचे कौतुक केले. दोन पावसाळे गेले, आणि तिसऱ्या उन्हाळ्यात खालच्या मजल्यावर आईच्या खोलीतील खिडकीच्या कोपऱ्यापासून छताकडे तिरपी जाणारी एक भेग दिसू लागली. पावसाळा आला की ती मिटे; उन्हाळा आला की उघडे. आम्ही ती मिटल्याचे समाधान मानीत असू, आणि उघडली की तिच्यात लांबी भरीत असू. असे बारा-तेरा वर्षे चालले.

वडील गेल्यानंतर, २००९ साली, घराच्या दुरुस्तीसाठी कर्ज हवे होते. बँकेचा माणूस आला, फीत घेऊन मोजमाप करू लागला, आणि नळीतील नकाशा पाहून म्हणाला, की घर कागदावर आहे त्याहून मोठे आहे. कर्ज मिळाले नाही. मला राग आला. पण त्याच निमित्ताने एका वृद्ध संरचना-अभियंत्याला बोलावणे झाले, आणि त्यांनी जिन्याच्या बुडाशी दोन मजुरांकडून खणून घेतले. दोन फुटांवर पाया संपला. खाली निव्वळ काळी माती. ते उभे राहून बराच वेळ त्या खड्ड्याकडे पाहत होते. मग भेगेकडे पाहिले, आणि एवढेच विचारले, "ह्या खोलीत कोण निजते?"

आईची खाट आम्ही त्याच संध्याकाळी हलवली.

त्यांनी त्या दिवशी मला जो हिशेब समजावून दिला तो शाळेतील मुलालाही करता येईल इतका साधा आहे. मी तो तीस-चाळीस वर्षांच्या आयुष्यात एकदाही केला नव्हता. दहा फूट लांब, दहा फूट उंच आणि नऊ इंच जाड अशी विटांची एक भिंत सुमारे चार टनांची होते. दहा फूट बाय बारा फूट खोलीवर पाच इंच जाडीचे काँक्रीटचे छत घातले की त्याचे साडेतीन टन. दारेखिडक्यांची जागा वजा केली तरी अशा एका खोलीचा भार अठरा टनांच्या घरात जातो. शिवाय छतावर हजार लिटरांची पाण्याची टाकी ठेवली की नुसत्या पाण्याचा एक टन आणखी. म्हणजे चांगले चार हत्ती झाले. गच्चीवर चार हत्ती बांधावयाचे ठरले असते तर आपण कोणाला तरी विचारले असते; खोलीच्या बाबतीत विचारावेसे वाटत नाही, कारण ती वीटवीट करून वर जाते.

आणि हे हत्ती उभे करावयाचे कशावर? माळव्याच्या काळ्या मातीची कीर्ती आपण गव्हाच्या आणि कापसाच्या संबंधात ऐकतो. शेतकऱ्याला जी माती लक्ष्मी वाटते ती घर बांधणाऱ्याची परीक्षा पाहते. पाणी प्याली की ती फुगते, उन्हाने सुकली की आकसते व तिला भेगा पडतात. तिच्यावर उथळ पाया घातला तर तो वर्षातून एकदा वर उचलला जातो आणि एकदा खाली बसतो. तोही सर्वत्र सारखा नव्हे. म्हणून जुने जाणते लोक काळी माती पुरती खणून मुरमापर्यंत जात. माती फारच खोल असेल तेथे तळाशी कंदासारखा फुगवटा असलेले काँक्रीटचे खांब जमिनीत उतरवण्याची रीत रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने विकसित केली आहे. आमच्या वडिलांचा पाया मुरमावर होता. माझा जिना काळ्या मातीवर तरंगत होता आणि जुन्या भिंतीला आपल्या बाजूला ओढीत होता. भेग उन्हाळ्यात का उघडते ह्याचे उत्तर त्या खड्ड्यात होते.

ज्यांनी राजवाडा बांधला त्यांना भाराचे हे गणित चांगले ठाऊक असावे. सात मजल्यांच्या त्या वास्तूचे खालचे तीन मजले दगडाचे आणि वरचे चार लाकडाचे आहेत. वर चढावयाचे तर भार हलका करीत चढावे, हा त्यातला विचार. १९८४ च्या आगीत लाकडाने घात केला ही गोष्ट निराळी.

आता परवानगीकडे येतो. आपल्या शहरात जुना शब्द 'नक्शा पास करणे'. सरकारी भाषेत तिला भवन-अनुज्ञा म्हणतात. मध्य प्रदेश नगरपालिका निगम अधिनियम १९५६ चा आहे, आणि त्याच्या २९३ व्या कलमान्वये इमारत नव्याने उभारावयाची असो की तिच्यात भर घालावयाची असो, पूर्वपरवानगी लागते. कोणत्या रस्त्यावर किती उंच जावे, चोहोबाजूंस किती जागा मोकळी ठेवावी, हे २०१२ च्या भूमी विकास नियमांत आणि शहराच्या विकास-आराखड्यात सांगितलेले असते. हे ऐकल्यावर पुष्कळांना वाटते, की मग घरात खिळा ठोकावयाचा तरी अर्ज द्यावा लागणार! तसे मुळीच नाही. १९७० साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या आणि पुढे वेळोवेळी सुधारलेल्या राष्ट्रीय इमारत संहितेत परवानगी न लागणाऱ्या कामांची यादीच दिलेली आहे. रंगसफेदी, गिलावा, फरशी बदलणे, छपराची कौले बदलणे, दार किंवा खिडकी उघडणे अथवा बुजवणे, आतला पडदी-आडोसा घालणे, छताखाली दुसरे शोभेचे छत लावणे, आपल्याच जागेवर छज्जा काढणे, बाग करणे. म्हणजे आपण ज्याला घर सजवणे म्हणतो त्यातील बहुतेक सर्व.

परंतु त्या यादीला एक अट जोडलेली आहे, आणि ती यादीपेक्षा महत्त्वाची आहे. ह्या कामांनी इमारतीच्या बळकटीला आणि आगीपासूनच्या सुरक्षिततेला बाध येता कामा नये. आडोसा काढावा; परंतु ज्या भिंतीवर छत टेकले आहे तो आडोसा नव्हे. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात, त्यावरचा गिलावाही सारखाच असतो, आणि फरक ओळखणारा मनुष्य निराळा असतो. तो मिस्त्री नसतो. मिस्त्र्याच्या हातात कसब असते, त्याबद्दल मला आदर आहे. पण भिंत काढली तर तिच्यावरचा भार कोठून खाली उतरेल, हे सांगण्याचे काम त्याचे नाही, आणि ते त्याच्यावर टाकून आपण त्याच्यावरही अन्याय करतो.

ह्याची किंमत किती असते ते मुंबईने २५ जुलै २०१७ रोजी पाहिले. घाटकोपरला एक चार मजली इमारत सकाळी भरल्या घरांनिशी कोसळली आणि सतरा माणसे गेली. तळमजल्यावरील जागेत नूतनीकरण चालले होते आणि त्या कामात आधाराच्या खांबांना धक्का लागला होता, असे पुढे चौकशीत आले. वरच्या मजल्यांवर जे राहत होते त्यांनी एक वीटही हलवली नव्हती. काम दुसऱ्याच्या जागेत, दुसऱ्याच्या सोयीसाठी चालले होते.

आपल्या शहराला तर अशी उदाहरणे बाहेरून आणावयाची गरज राहिलेली नाही. ३१ मार्च २०१८ च्या रात्री सरवटे बसस्थानकाजवळची हॉटेलची जुनी इमारत पडली. दहा माणसे दगावली. ७ मे २०२२ च्या पहाटे स्वर्णबाग वसाहतीत एका दुमजली घराच्या खाली उभ्या असलेल्या वाहनाला कोणी आग लावली, आणि सात जण मेले. आग लावणाऱ्याचा गुन्हा आहेच. पण त्या रात्रीपासून मी कोणत्याही घरात गेलो की जिन्याच्या तोंडाशी काय ठेवले आहे ते पाहतो. आपल्या वसाहतींतून बहुतेक ठिकाणी जिना एकच, आणि त्याच्या पायथ्याशी स्कुटरी, वीजमीटर आणि गॅसची टाकी अशी तिन्ही दाटीवाटीने राहतात. बाजूची मोकळी जागा आपण आधीच भरून टाकलेली असते, त्यामुळे शिडी लावावयाला जागा नाही, आणि चोराच्या भीतीने खिडक्यांना जे लोखंडी पिंजरे ठोकलेले असतात त्यांतून घरच्यांनाही बाहेर पडता येत नाही. नकाशात सोडलेली पाच-सात फुटांची पट्टी ही सरकारने आपल्याकडून हिसकावून घेतलेली जमीन आहे, अशी आपली ठाम समजूत असते. ती हवेसाठी आहे, सांडपाण्याच्या नळांसाठी आहे, आणि एखाद्या रात्री धुरातून बाहेर येणाऱ्यासाठी आहे.

आणि ३० मार्च २०२३. रामनवमीचा दिवस, पटेल नगरजवळच्या मंदिरातील हवन. ज्या फरशीवर लोक बसले होते ती एका जुन्या बावडीवर घातलेली होती, आणि तिच्यावर बसलेल्यांतील अनेकांना आपल्या खाली विहीर आहे ह्याची कल्पनाही नव्हती. फरशी खचली. छत्तीस जीव गेले. मंदिरातील अनधिकृत बांधकामाबाबत आदल्या वर्षी नोटीस दिली गेली होती. ह्या प्रसंगाविषयी अधिक बोलणे मला जड जाते, आणि दोषाचा न्याय करणे माझे काम नाही. मला त्यातली एकच गोष्ट सांगावयाची आहे. विहिरीवर फरशी घातली तेव्हा ती घालणाऱ्यांना खाली काय आहे ते ठाऊक होते. वर्षे गेली, माणसे बदलली, आणि ते ज्ञान फरशीखाली राहिले. नकाशा म्हणून जो कागद असतो तो हे ज्ञान पुढच्यांना पोचवण्यासाठी असतो. आमच्या वडिलांच्या नळीत पायाची खोली फूट-इंचांत लिहिलेली होती. मला ती वाचण्याची सवड झाली नव्हती.

इथे कोणी म्हणेल, की हे सर्व खरे, पण ती परवानगी काढावयाची म्हणजे काय दिव्य असते ते तुम्हास ठाऊक आहे काय? ठाऊक आहे. कोणत्याही शहरातील कचेरीचा अनुभव घेतलेल्या मनुष्याला ते नव्याने सांगावे लागत नाही. एक कागद दिला की दुसरा मागितला जातो. मालकीचे खत आजोबांच्या नावाने असते आणि नामांतर राहून गेलेले असते. ज्या वसाहतीत भूखंड घेतला ती वसाहतच वैध नाही असे वीस वर्षांनी कळते. गेल्या काही वर्षांत अर्ज संगणकावरून घेण्याची व्यवस्था राज्यात झाली, लहान निवासी भूखंडांना लवकर अनुज्ञा देण्याचीही सोय झाली, आणि पूर्वीची पुष्कळशी वणवण त्यामुळे कमी झाली हे मान्य केले पाहिजे. तरीही नियम असे असावेत की सामान्य माणसाला ते पाळणे हे मोडण्यापेक्षा सोपे वाटावे, ही अपेक्षा अजून पुरी झालेली नाही. परवानगी मागणारा रखडतो आणि न मागणारा गृहप्रवेश करून मोकळा होतो, हे दृश्य ज्या गल्लीत दिसते त्या गल्लीत पुढचा मनुष्य अर्ज करील कशाला?

ह्या संदर्भात इंदूरला एक जुना धडा मिळालेला आहे, आणि त्याचा आपल्याला विसर पडला आहे. तिसऱ्या तुकोजीराव होळकरांच्या काळात पॅट्रिक गेडीस नावाचे स्कॉटिश नगररचनाकार इथे आले होते. १९१८ साली त्यांनी इंदूर दरबाराला दोन खंडांचा अहवाल सादर केला. नगररचनेचे विद्यार्थी तो आजही वाचतात. जुन्या वस्त्या पाडून सरळसोट रस्ते काढण्याच्या त्या वेळच्या पद्धतीला त्यांचा विरोध होता. ते गल्लोगल्ली पायी हिंडत, कोणते घर राखता येईल, कोणता पडका कोपरा काढला तर चार घरांना उजेड मिळेल, ते पाहत. वैद्याप्रमाणे आधी निदान, मग शक्य तितकी थोडी शस्त्रक्रिया, असा त्यांचा खाक्या होता. शहरात तेव्हा प्लेगचे भय होते. गेडीसांनी दिवाळीला एक मोठी मिरवणूक काढविली आणि जाहीर केले, की ज्या रस्त्यांवरची घरे अधिकात अधिक साफ व दुरुस्त होतील त्या रस्त्यांवरून मिरवणूक जाईल. मग काय विचारता! घरोघर झाडलोट, सफेदी, डागडुजी सुरू झाली. मिरवणुकीत घाणीचा राक्षस होता, प्लेगचा उंदीर होता, आणि शहर झाडणारे सफाई कामगार शुभ्र कपडे घालून, गळ्यात हार घालून सन्मानाने चालत होते. शेवटी राक्षस आणि उंदीर जाळण्यात आले. ज्या शहराने २०१७ पासून वर्षानुवर्षे देशात स्वच्छतेचा पहिला मान राखला, त्याच्या पूर्वजांची ही कथा आहे. मला तिच्यात लक्षात घेण्यासारखे वाटते ते हे, की गेडीस आधी घर पाहत आणि मग बोलत. परवानगी देणारा अधिकारी जर असा घर पाहणारा असेल, पाया विचारणारा असेल, तर त्याच्याकडे जावयास लोक कचरणार नाहीत. तो नुसताच कागद पाहणारा असेल तर लोक त्याला कागदच दाखवतील.

असो. आमच्या घराचे पुढे काय झाले ते सांगतो. वरच्या खोलीच्या विटांच्या भिंती उतरविल्या आणि हलक्या साहित्याच्या घातल्या, राजवाड्याचाच न्याय. बाहेरचा जिना पाडून पुन्हा घरात आणला. वहिनींना त्याचे वाईट वाटले, कारण त्यांचा स्वतंत्र रस्ता गेला. जे उरले त्यासाठी रीतसर नकाशा काढून अर्ज केला आणि नियमात बसणाऱ्या जादा बांधकामाचे शुल्क भरले. ह्या सवलतीला इंदुरात सरसकट 'कंपाउंडिंग' म्हणतात. निगम अधिनियमाच्या ३०८-अ ह्या कलमात तिची तरतूद आहे, आणि २०२१ साली तिची मर्यादा दहा टक्क्यांवरून तीस टक्क्यांपर्यंत वाढविली गेली होती. तिच्याविषयी माझे मत मिश्र आहे. चुकून चुकलेल्याला सुधारण्याची वाट हवी. पण दंड आधीच हिशेबात धरून जो बांधतो त्याला ती वाट म्हणजे दुकानाचे दार वाटते. शिवाय एक गैरसमज फार पसरला आहे, की पैसे भरले की सर्व काही पवित्र होते. रस्त्याच्या हद्दीत काढलेले किंवा वाहने उभी करण्याच्या जागेत घातलेले बांधकाम त्या कलमात बसत नाही. आणि पावती फाडल्याने पाया खोल होत नाही, हे तर कायद्यातही लिहिलेले नाही.

शेवटचा भाग दाखल्याचा. परवानगी मिळाली म्हणजे काम झाले असे समजून पुष्कळ लोक इथेच थांबतात. परवानगी हे कागदावरचे घर. विटांचे घर त्याप्रमाणे झाले की नाही हे पाहून जो कागद दिला जातो तो पूर्णतेचा दाखला. महाराष्ट्रात त्याला भोगवटा प्रमाणपत्र म्हणतात. महसुली दप्तरातील हा जुना शब्द मला आवडतो. घर बांधणे निराळे आणि ते भोगणे, त्यात सुखाने राहणे निराळे, हा भेद त्या शब्दात आहे. आपल्यापैकी अनेकांची मुले पुण्या-मुंबईस सदनिका घेतात आणि किल्ली हाती आली म्हणजे घर आपले झाले असे समजतात. वरळीच्या कॅम्पा कोला संकुलाची हकीकत त्यांनी अवश्य वाचावी. मंजुरीहून अधिक मजले चढविलेल्या त्या इमारतींतून कुटुंबे वीस-पंचवीस वर्षे राहिली. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाचा निकाल विरुद्ध गेला, आणि २०१४ च्या जूनमध्ये त्या बेकायदा सदनिकांची वीज, पाणी व गॅस तोडण्यासाठी पालिकेची माणसे दारात आली. पैसे मोजून घेतलेली घरे होती ती. भोगवट्याचा कागद मात्र कोणी मागितला नव्हता.

१७ डिसेंबर २०२४ रोजी, मीरतच्या एका प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने ह्या दाखल्याला आणखी वजन दिले आहे. पूर्णता अथवा भोगवटा प्रमाणपत्र पाहिल्यावाचून वीज, पाणी व सांडपाण्याची जोडणी देऊ नये, बँकांनी ते तपासल्यावर कर्ज द्यावे, आणि काम चालू असताना मंजूर नकाशाची प्रत जागेवर लावलेली असावी, असे आदेश त्यात आहेत. त्याच्या आदल्या महिन्यात, १३ नोव्हेंबरला, त्याच न्यायालयाने दुसऱ्या बाजूनेही सांगितले आहे, की पंधरा दिवसांची नोटीस आणि म्हणणे मांडण्याची संधी दिल्यावाचून कोणाचे घर पाडता येणार नाही. सार्वजनिक रस्त्यावरची वगैरे बांधकामे त्याला अपवाद. हे दोन्ही निर्णय एकत्र वाचावेत असे मी सुचवीन. पहिला घरमालकाला जागे करतो, दुसरा कचेरीला.

ज्यांच्या घरात अशी एखादी खोली पूर्वीच चढलेली आहे, आणि अशी घरे आपल्या वसाहतींत थोडी नाहीत, त्यांनी प्रथम जुना नकाशा शोधावा. सापडला नाही तर संबंधित कचेरीत नकलेसाठी अर्ज करावा. मग एखादा संरचना-अभियंता बोलावून पाया कोठवर आहे ते खणून पाहावे. हे काम एप्रिल-मे महिन्यांत करावे. तेव्हा माती आकसलेली असते आणि भेगा लपत नाहीत. पावसाळ्यात पाहणारा फसतो, आम्ही बारा वर्षे फसलो. खोल्या पाहताना खाली कोण निजते तेही त्या अभियंत्याला सांगावे.

आमच्याकडे दाखला मिळाला त्या दिवशी ओव्हरसियर फीत गुंडाळून निघाले, तेव्हा आई दारात उभी होती. तिने विचारले, "मी आता माझ्या खोलीत जाऊ काय?" ते थोडे गोंधळले, कारण असा प्रश्न त्यांना कोणी विचारला नसावा. मग म्हणाले, "जा आई, भेगेवर काच चिकटवली आहे तिच्याकडे मात्र लक्ष ठेवा." भेगेवर आडवी काचेची पट्टी बसवितात, भिंत हलली की काच तडकते. अभियंत्यांनीच ती लावली होती. आई गेली त्याला आता सहा वर्षे झाली. काच अजून तिथे आहे, आणि दर उन्हाळ्यात मी तिच्यावरची धूळ पुसून पाहतो.